मच्छीमारांचे इंजिन का तापते?

पावसाळी बंदीचे ६१ दिवस ३१ जुलैला संपतात आणि नारळी पौर्णिमेच्या आगेमागे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील यांत्रिक नौका पुन्हा समुद्रात उतरू लागतात. त्या सुमारास मत्स्यव्यवसायाविषयी जी निवेदने प्रसिद्ध होतात त्यांत नौकांची संख्या असते, मंजूर झालेल्या जेट्ट्यांची नावे असतात, डिझेलवरील कराच्या प्रतिपूर्तीची रक्कम असते, मत्स्योत्पादन किती टन वाढले याचा हिशेबही असतो. एक आकडा मात्र या निवेदनांत सहसा आढळत नाही. मोसमातील किती दिवस किती नौका केवळ इंजिन बिघडल्यामुळे धक्क्याला बांधून राहिल्या, किती नौकांना भर समुद्रातून दुसऱ्या नौकेने ओढून आणावे लागले, आणि त्यांपैकी किती बिघाड वेळीच ओळखता आले असते, हा तो आकडा होय.

सातपाटीपासून मालवणपर्यंत कोणत्याही बंदरावर विचारले तर बिघाडांच्या यादीत 'इंजिन तापले' ही तक्रार हमखास ऐकू येते. तिच्याकडे दैवयोग म्हणून पाहण्याची सवय सर्वांनाच जडली आहे. वस्तुत: डिझेल इंजिन तापण्याची कारणे मोजकी आहेत, ती एका ठरावीक क्रमाने शोधता येतात, आणि त्यांतील बहुतेकांचा उपाय, वेळेवर केला तर, इंजिनाच्या किमतीच्या मानाने नगण्य असतो. इंजिन घेण्यासाठी कर्ज मिळते, ते चालविण्यासाठी सवलतीचे डिझेल मिळते. ते का तापते हे सांगू शकणारा माणूस मात्र बंदरावर असेलच याची खात्री कोणी देत नाही. किनाऱ्यावर आज यंत्रांपेक्षा यंत्राच्या निदानाचा तुटवडा अधिक आहे, आणि त्याची किंमत मच्छीमार आपल्या रोजच्या मिळकतीतून मोजतो.

शीड गेले, शिवणारा हातही गेला

भारतातील मासेमारीच्या यांत्रिकीकरणाचा आरंभ सामान्यत: १९५२ सालच्या त्रिपक्षीय करारापासून धरला जातो. भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात झालेल्या या करारानुसार १९५३ साली केरळात, कोल्लमजवळच्या नीण्डकरा येथे काम सुरू झाले. पुढे किनाऱ्यावरच्या इतर राज्यांनीही हीच वाट धरली. महाराष्ट्रात मच्छीमार सहकारी संस्थांनी हे परिवर्तन गावोगाव पोहोचविले. १९६३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सहकारी विकास निगमाच्या अर्थसाह्याचाही त्यास हातभार लागला. त्याच वर्षी कोचीन येथे यांत्रिक नौकांसाठी कुशल माणसे घडविणारी केंद्रीय संस्था निघाली. मत्स्य नौकानयन व अभियांत्रिकी प्रशिक्षण देणारी ही संस्था आजही कार्यरत आहे. म्हणजे इंजिनाबरोबर इंजिनाचे ज्ञानही दिले पाहिजे, हे धोरणकर्त्यांना प्रारंभी उमगले नव्हते असे नाही. तथापि इंजिने ज्या वेगाने पसरली त्या वेगाने ज्ञान पसरले नाही.

शिडाच्या होडीशी तुलना केली म्हणजे हे अंतर स्पष्ट होते. शीड फाटले तर ते शिवणारा हात त्याच होडीत असे. फळी सुटली तर गावचा सुतार ती बसवी. दोरखंड, जाळे, डोलकाठी या प्रत्येक वस्तूच्या दुरुस्तीची विद्या त्याच आळीत, बहुधा त्याच घरात होती. साधन आणि त्याची निगा यांची फारकत झालेली नव्हती. इंजिन आले आणि ही फारकत झाली. साधन गावात राहिले, दुरुस्ती तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी गेली, आणि सुटे भाग मुंबईहून मागवावे लागू लागले. यांत्रिकीकरणाने मच्छीमाराची पोहोच वाढविली हे निर्विवाद आहे. परंतु आपले साधन कोठे दुखते आहे हे स्वत: ओळखण्याचे त्याचे सामर्थ्य त्याच प्रमाणात घटले, याची नोंद कोणत्याही अहवालाच्या जमाखर्चात सापडणार नाही.

उष्णतेचा जमाखर्च

इंजिन थंड ठेवणे इतके महत्त्वाचे का, हे समजण्यासाठी इंधनाचाच जमाखर्च मांडला पाहिजे. डिझेल जाळून जी उष्णता निर्माण होते तिचा एक तृतीयांशाहून थोडा अधिक भाग पंखा फिरविण्याच्या कामी येतो. साधारण तितकाच भाग धुराबरोबर निघून जातो. उरलेला चौथा ते तिसरा हिस्सा इंजिनाच्या धातूत शिरतो आणि तो पाण्याने बाहेर वाहून न्यावा लागतो. शंभर अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भाराने चालताना तासाला वीस लिटरांच्या आसपास डिझेल जाळते असे धरले, तर पाच-सहा लिटर डिझेलची उष्णता तासाला केवळ पाण्यावाटे बाहेर पडावयास हवी. हा प्रवाह काही मिनिटे जरी अडला तरी ती उष्णता हेड, पिस्टन आणि गॅस्केट यांच्यात साठू लागते. मालमोटार रस्त्याच्या कडेला उभी करता येते. नौका उभी करावयाची म्हणजे वारा आणि ओहोटी नेतील तिकडे जाण्यास तिला मोकळी सोडावयाची.

ही उष्णता वाहून नेण्याच्या तीन पद्धती आपल्या किनाऱ्यावर दिसतात. पहिलीत समुद्राचे पाणीच थेट इंजिनात खेळविले जाते. ही रचना स्वस्त आणि सोपी. पण खारे पाणी साठ अंशांच्या वर तापू लागले की त्यातील क्षार आतल्या वाटांवर थराथराने बसतात, म्हणून असे इंजिन मुद्दाम कमी तापमानावर चालवावे लागते. दुसरीत दोन प्रवाह असतात. आतला प्रवाह गोड्या पाण्याचा किंवा कूलंटचा. तो इंजिनातून फिरून एका कूलरमध्ये येतो. तेथे बारीक नळ्यांतून समुद्राचे पाणी वाहत असते व ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन बाहेर पडते. तिसरीत आतले पाणी नौकेच्या पठाणालगत, म्हणजे तळाच्या कण्यालगत, बाहेरून बसविलेल्या नळ्यांतून फिरविले जाते आणि समुद्र त्या नळ्यांना बाहेरूनच थंड करतो. बिघाड शोधताना आपल्या नौकेत यांपैकी कोणती रचना आहे हे जाणणे ही पहिली पायरी होय.

ताप हे लक्षण, रोग नव्हे

माणसाला ताप आला म्हणजे वैद्य प्रथम तो केव्हा चढतो, हळूहळू चढला की एकाएकी, हे विचारतो. इंजिनाच्या बाबतीतही हाच प्रश्न सर्वांत उपयुक्त ठरतो. आजवर बरे चाललेले इंजिन पाच मिनिटांत तापले तर पिशवी, पट्टा किंवा पंप यांवर संशय घ्यावा. तेच इंजिन गेल्या महिन्याभरात रोज थोडे थोडे अधिक तापू लागले असेल तर क्षार, गाळ किंवा गंज वाट अरुंद करीत आहे असे समजावे. मंद गतीवरही तापत असेल तर आतले पाणी कमी असण्याचा अथवा ते फिरतच नसण्याचा संभव अधिक. केवळ पूर्ण वेगात किंवा जाळे ओढताना तापत असेल तर कूलरची क्षमता घटली आहे किंवा इंजिनावर वाजवीपेक्षा अधिक भार पडत आहे. एवढ्या चार-पाच प्रश्नांनी निम्मे निदान होते आणि त्यास एकही पाना लागत नाही.

त्यानंतर ताप खरा आहे की खोटा हे पाहावे लागते. तापमान दाखविणारा काटा आणि त्याला खबर देणारा संवेदक दोन्ही खाऱ्या हवेत गंजतात. इंजिन थंड असताना काटा वर चढलेला असेल, तर दोष इंजिनाचा नसून काट्याचा आहे. २०२० साली साथीच्या काळात दुकानांच्या दारात कपाळाचा ताप दुरून मोजणारी उपकरणे सर्वांनी पाहिली. त्याच तत्त्वावरचा, पण अधिक तापमान मोजणारा तापमापक आता काही हजारांच्या आत मिळतो. थर्मोस्टॅटजवळच्या धातूवर तो रोखला तर काट्याची साक्ष तपासता येते.

ताप खरा निघाला तर नजर बाहेर, समुद्रात पडणाऱ्या पाण्याकडे जावयास हवी. कडेच्या किंवा धुराच्या नळीतून पडणारी धार नेहमीसारखी आहे, बारीक आहे, की बंद आहे? धार क्षीण असून पांढरी वाफ येत असेल तर समुद्राचे पाणी पुरेसे आत येत नाही आणि दोष बाहेरच्या प्रवाहात आहे. मग त्या पाण्याच्या वाटेने क्रमाक्रमाने जावे. नौकेच्या तळाशी पाणी घेणारे भोक व त्याचा सी-कॉक उघडा आहे काय? तेथे प्लास्टिकची पिशवी चिकटली आहे काय? गाळणीत शेवाळ, जेलीफिश किंवा चिखल साचला आहे काय? खाडीच्या मुखाशी गाळ साचलेल्या बंदरांत ओहोटीच्या वेळी नौका अक्षरश: चिखल पिते, म्हणून तेथे हा दोष वारंवार उद्भवतो. गाळणी जलरेषेच्या वर असेल आणि तिच्या झाकणाचे रबर सैल असेल, तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. ही गळती बाहेर ठिबकत नसल्याने डोळ्यांना दिसत नाही. बाहेर पडणाऱ्या पाण्यातील बुडबुड्यांवरून ती ओळखावी लागते. जुना होज पाइप वरून धडधाकट दिसतो, पण पंपाच्या ओढीने आतल्या आत चपटा होतो.

यानंतर पंप. त्यातील रबरी पाकळ्यांचे चाक, ज्याला इम्पेलर म्हणतात, पाण्याच्या ओलाव्यावरच तगते. सी-कॉक बंद ठेवून इंजिन सुरू केले तर थोडक्याच वेळात त्याच्या पाकळ्या जळून तुटतात. नवे चाक बसविले म्हणजे काम संपले असे अनेकांना वाटते. तुटलेल्या पाकळ्या मात्र पाण्याबरोबर पुढे जाऊन कूलरच्या नळ्यांच्या तोंडाशी अडकून बसतात. जुन्या चाकाच्या पाकळ्या मोजून जितक्या हरवल्या तितक्या शोधून काढल्या नाहीत तर आठवड्याभरात तीच तक्रार परत येते. कूलरमध्ये जस्ताची कांडी असेल तर तीही पाहावयास हवी. खाऱ्या पाण्यात स्वत: झिजून ती बाकीच्या धातूचे रक्षण करते, ती पूर्ण खाल्ली गेली की पाळी कूलरच्या नळ्यांची येते.

बाहेरची धार भरघोस असेल तर दोष आत शोधावा लागतो. आतल्या टाकीचे झाकण इंजिन तापलेले असताना कधीही उघडू नये. दाबाखालचे उकळते पाणी चेहऱ्यावर उसळते. इंजिन निवल्यावर पाण्याची पातळी पाहावी. ती कमी असेल तर पाणी ओतून थांबता कामा नये. ते गेले कोठे याचा शोध घ्यावा. आतले पाणी फिरविणारा पंप पट्ट्यावर चालत असल्यास तो सैल वा तेलकट झाला आहे काय हे तपासावे. थर्मोस्टॅटच्या अलीकडची नळी कढत आणि पलीकडची कोमट असेल, तर तो उघडत नाही हे उघड आहे. कूलरमध्ये शिरणाऱ्या आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या समुद्राच्या पाण्याचे तापमान मोजणे ही तर सर्वांत बोलकी परीक्षा होय. हे पाणी नेहमीपेक्षा बरेच अधिक तापून बाहेर पडत असेल तर प्रवाह अपुरा आहे. ते भरपूर वाहते, फारसे तापत नाही, आणि तरीही इंजिन तापते, असे असेल तर उष्णता आतून बाहेर पोहोचतच नाही. म्हणजे नळ्यांवर क्षारांची पुटे चढली आहेत किंवा आतले पाणी फिरत नाही.

शेवटची शंका सर्वांत खर्चाची असते. इंजिन सुरू करताच, ते तापण्यापूर्वीच, नळ्या दाबाने टणक होत असतील, टाकीत सतत बुडबुडे येत असतील किंवा तेलाचा रंग दुधाळ झाला असेल, तर हेडचे गॅस्केट गेले आहे किंवा हेडला तडा पडला आहे, अशी दाट शंका घ्यावी. यापैकी काहीच नसेल तर दृष्टी पुन्हा बाहेर न्यावी. पंख्यात जाळे गुरफटले असेल, तळाला शिंपले आणि शेवाळ चिकटून नौका जड झाली असेल, किंवा नवा पंखा इंजिनाला न पेलणारा असेल. अशा वेळी थंड करणारी यंत्रणा निर्दोष असते. तिच्यावर तिला न झेपणारे काम सोपविलेले असते.

चुकीच्या निदानाची किंमत

हा क्रम ठाऊक नसला की काय होते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे थर्मोस्टॅट काढून फेकण्याची रूढ झालेली प्रथा. इंजिन तापले की 'हा भागच नको' असे सांगून तो काढला जातो आणि पुष्कळदा काटा खरोखरीच खाली येतो. मालक समाधान पावतो. परंतु थर्मोस्टॅटशिवाय चालणारे इंजिन आवश्यक त्या तापमानाला पोहोचत नाही. डिझेल नीट जळत नाही, काजळी धरते, सिलिंडर लवकर झिजतो. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्याने आतले गरम पाणी कूलरला वळसा घालून तसेच परत फिरते आणि भार पडताच इंजिन पूर्वीपेक्षा अधिक तापते. मूळचा दोष, कूलरमधला क्षार, जेथल्या तेथेच असतो. लक्षण दडपले गेले आणि रोग मात्र इंधनाच्या बिलात जाऊन बसला.

दुसरी रीत अंदाजाने भाग बदलत जाण्याची. आज पंप, उद्या होज, परवा कूलर, असे करीत शेवटी गाळणीतला चिखल सापडतो. इम्पेलरसारखा भाग काही शे किंवा काही हजार रुपयांत येतो. हेड तडकले आणि इंजिन उघडावे लागले तर खर्च लाखाच्या घरात जातो. शिवाय मोसमातला एक दिवस बुडाला म्हणजे फक्त त्या दिवसाची मासळी बुडते असे नाही. भरलेला बर्फ वितळतो, घेतलेले डिझेल अडकून राहते, खलाशांचे पोट मात्र थांबत नाही. नौका समुद्रात बंद पडली तर तिला ओढून आणणाऱ्या नौकेचाही दिवस जातो. खवळलेल्या समुद्रात, किनाऱ्याकडे वाहणाऱ्या वाऱ्यात इंजिन बंद पडले, तर पणाला लागतात ती माणसे.

वाट्याचे अर्थशास्त्र

मग शहाणा मालक वेळीच निगा का राखत नाही? केवळ अज्ञान हे याचे पूर्ण उत्तर नव्हे. मासेमारीत बऱ्याच ठिकाणी मिळकतीची वाटणी होते. विक्रीच्या रकमेतून डिझेल, बर्फ, शिधा असा फेरीचा खर्च प्रथम वजा केला जातो आणि उरलेल्या रकमेचे मालक व खलाशी यांच्यात वाटे पडतात. इंजिनाची दुरुस्ती मात्र बहुधा मालकाच्या वाट्याची असते. या व्यवस्थेचा परिणाम पाहण्याजोगा आहे. कूलर साफ करण्याचा सारा खर्च मालकाने सोसावयाचा. आणि तो साफ न केल्यामुळे जे अधिक डिझेल जळते ते सामायिक खर्चात जमा होऊन खलाशांच्याही वाट्यातून कापले जावयाचे. ज्याच्या हाती निगेचा निर्णय आहे त्याला निष्काळजीपणाची पुरी किंमत मोजावी लागत नाही, आणि जो ती मोजतो त्याच्या हाती निर्णय नाही. अशा स्थितीत निगा लांबणीवर पडली तर नवल नाही.

शासनाचे अर्थसाह्य हा कल बदलत नाही. किंबहुना तो अधिकच दृढ करते. डिझेलवरील कराची प्रतिपूर्ती मच्छीमारांना मिळावयास हवी, यात दुमत नाही. परंतु जितके अधिक डिझेल जळते तितकी ती सवलत अधिक उपयोगी पडते. नीट राखलेल्या इंजिनाने वाचविलेल्या डिझेलवर कोणतेही बक्षीस नाही. २०२० साली जाहीर झालेल्या २०,०५० कोटी रुपयांच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेचा भर नौका, बंदरे, शीतसाखळी आणि मत्स्यसंवर्धन यांवर आहे. भांडवल निर्माण करणे दृश्य असते, त्याचे उद्घाटन करता येते. घसारा रोखण्याचे उद्घाटन कोणी करीत नाही.

तिसरी अडचण ज्ञानाच्या विषम वाटणीची आहे. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखविले की, मालाचा दर्जा विकणाऱ्याला कळतो आणि घेणाऱ्याला कळत नाही तेव्हा चांगला माल बाजारातून बाहेर ढकलला जातो. या मांडणीसाठी पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. दुरुस्तीच्या बाजारालाही हे बरेचसे लागू पडते. कोणता भाग खरोखरच खराब झाला हे मालकाला कळत नसेल, तर तासभर तपासून 'गाळणी साफ करा' असे सांगणारा प्रामाणिक मेकॅनिक आपल्या तासाचे मोल मागू शकत नाही. नवा भाग बसविणारा मात्र ते सहज वसूल करतो. दोष मेकॅनिकच्या नीतीचा असेलच असे नाही; निदानाला किंमत न देणाऱ्या बाजाराचा तो असतो.

आल्बर्ट हर्शमन यांनी १९५८ सालच्या आपल्या ग्रंथात विकसनशील देशांविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदविले होते. जेथे निगेतली हयगय तत्काळ अनर्थ घडविते, उदाहरणार्थ विमानसेवेत, तेथे हे देशही निगा उत्तम राखतात. जेथे हयगय दीर्घकाळ खपून जाते, उदाहरणार्थ रस्त्यांत, तेथे निगा ढासळते. मच्छीमार नौकेचे इंजिन या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे. ते महिनोन्महिने हयगय सोसते आणि नेमके वाऱ्यापावसात हिशेब चुकता करते. महाराष्ट्राला निगेची संघटित व्यवस्था अपरिचित आहे असे मात्र नाही. एस.टी.च्या आगारात गाडीची तपासणी आणि दुरुस्ती चालकाच्या मर्जीवर सोडलेली नसते. तेथे कार्यशाळा असते, नोंद असते, जबाबदार माणूस असतो. बंदरात उभ्या असलेल्या नौकांना हा न्याय का लागू होऊ नये?

काय करता येईल

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, जुना तांडेल इंजिनाच्या आवाजावरूनच दुखणे ओळखतो. त्याला पुस्तकी क्रम कशाला? अनुभवाचे मोल कोणी नाकारीत नाही. परंतु आतल्या क्षाराचा आवाज होत नाही, आणि तांडेलाचा कान त्याच्याबरोबर निवृत्त होतो. लिहिलेला क्रम मात्र नव्या खलाशाच्या हाती राहतो. दुसरा आक्षेप असा की, नव्या इंजिनांना इशारा देणारी घंटा असतेच. घंटा ताप आल्याचे सांगते, कशामुळे आला ते सांगत नाही. शिवाय आपल्या अनेक नौकांवर मालमोटारीचे इंजिन समुद्रासाठी फेरफार करून बसविलेले असते, आणि ती घंटा चालू स्थितीत असेल याची शाश्वती नसते.

उपाय खर्चिक नाहीत. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाची वर्सोवा, अलिबाग, रत्नागिरी आदी ठिकाणी प्रशिक्षण केंद्रे आहेत. तेथील सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात नौकानयनाबरोबर सागरी डिझेल इंजिनाची देखभाल हा विषय आहेच. पण ज्याच्या घरचे पोट रोजच्या फेरीवर आहे त्याला सहा महिने मोकळे होणे अवघड. बंदीचे ६१ दिवस मात्र सर्वांनाच मिळतात. त्या काळात नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, इंजिन उघडलेले असते आणि खलाशीही पुष्कळसे रिकामे असतात. आठ-दहा दिवसांचे निदानवर्ग बंदरावरच, खऱ्या इंजिनांवर घेतले तर याहून चांगली प्रयोगशाळा कोणती मिळणार? जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकविला जातो, पण त्याचा भर रस्त्यावरच्या वाहनांवर असतो. किनाऱ्यालगतच्या संस्थांनी त्यास समुद्राच्या पाण्याची, कूलरची आणि जस्ताच्या कांडीची जोड दिली तर कोळीवाड्यातल्याच मुलांना गावात राहून एक प्रतिष्ठेचा व्यवसाय करता येईल.

दुसरे काम सहकारी संस्थांचे. प्रत्येक संस्थेने तापमापक, दाब तपासण्याचे साधन आणि वारंवार लागणारे सुटे भाग आपल्याकडे ठेवावेत. एक प्रशिक्षित तपासनीस नेमून केवळ निदानाचे ठरावीक शुल्क आकारावे. निदान करणारा आणि भाग विकणारा वेगळे झाले की मालकाला निर्भेळ सल्ला मिळू लागेल. प्रत्येक नौकेवर एक साधी नोंदवही असावी. इंजिन निरोगी असताना किती गतीवर काटा कोठे असतो, समुद्राचे पाणी किती अंशाने आत येते आणि किती अंशाने बाहेर पडते, इम्पेलर व जस्ताची कांडी केव्हा बदलली, एवढेच तिच्यात लिहावे. निदान म्हणजे अखेर तुलना. निरोगी अवस्थेची नोंदच नसेल तर बिघाड किती आणि केव्हापासून हे ठरवावयाचे कशावरून?

तिसरे काम धोरणाचे. डिझेलची सवलत कमी करण्याचे कारण नाही. परंतु नोंदवही राखून मोसमापूर्वी तपासणी करून घेणाऱ्या नौकेस निगेसाठी स्वतंत्र छोटे अनुदान देता येईल, आणि वाटणीच्या हिशेबात निगेचा खर्च फेरीच्या खर्चाप्रमाणेच सामायिक धरण्याची रीत सहकारी संस्थांना सुचविता येईल. तसे झाले तर कूलर साफ करणे हा मालकाचा एकट्याचा भुर्दंड उरणार नाही आणि वाचलेल्या डिझेलचा लाभ खलाशाच्याही वाट्यात दिसेल. अर्थात मिळकत आणि खर्च या दोहोंची नोंद खलाशांसमोर उघडी असेल तरच ही रीत न्याय्य ठरेल. नाहीतर मालकाचा बोजा खलाशाच्या डोक्यावर टाकण्याचा तो आणखी एक मार्ग होईल.

२०२५ साली महाराष्ट्राने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतीच्या इतिहासातून घ्यावयाचा धडा या निमित्ताने लक्षात ठेवणे इष्ट होईल. नुसत्या बियाण्याने आणि खताने पीक वाढले नाही. गावोगाव फिरून पानावरचा रोग ओळखावयास शिकविणारा विस्तार कार्यकर्ता त्यांच्याबरोबर होता. समुद्रावरच्या शेतकऱ्याला बियाण्याच्या जागी इंजिन मिळाले, खताच्या जागी डिझेल मिळाले. तिसरी गोष्ट अजून यावयाची आहे. येत्या बंदीच्या काळात एका जिल्ह्यातल्या एखाद-दुसऱ्या बंदरावर तरी तिचा प्रारंभ व्हावा, आणि पुढच्या मोसमाअखेर तेथल्या किती नौका किती दिवस धक्क्याला बांधून राहिल्या हा आकडा शासनाने प्रसिद्ध करावा.